बघायचे पैसे

सोमवारी सकाळी सातला मी डब्याच्या पोळ्या करत होते आणि मागच्या दारावर टकटक झाली. आमच्या गावात ओळखीचं माणूस दोनदा टकटक करतं आणि दार ढकलून सरळ आत येतं, बूट काढता काढताच बोलायला लागतं. ही टकटक मात्र बाहेरच थांबून राहिली. अशी थांबून राहणारी टकटक गावात एकाच बाईची. तवा बाजूला सारून मी पिठाच्या हातांनीच दार उघडलं.

आर्डिस क्वामी पायरीवर उभी होती. निळा कोट गळ्यापर्यंत लावलेला, पर्स दोन्ही हातांत धरलेली.

"कामात असशील," ती म्हणाली.

"नाही गं. ये ना आत."

"नको, बुटांना चिखल आहे." ती माझ्या वाफ्याकडे बघायला लागली. "रात्री बरंच गोठलं म्हणायचं. तुझा झेंडू गेला."

"गेला."

"तसा यंदा टिकला बरेच दिवस."

 आर्डिसशी बोलताना चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत थांबायचं असतं, हे बावीस वर्षांच्या शेजारात मला कळलेलं आहे.

"तुझ्या फोनवरून एक फोन केला तर चालेल का? माझा घरी राहिला. गाडी जरा थांबलीये, तुमच्या टपालपेटीपाशी."

"थांबलीये म्हणजे बंद पडलीये?"

"तसंच म्हणायचं. घाई काही नाही. वेंडेल आत बसलाय, पण त्याच्या अंगावर ब्लँकेट घातलंय."

वेंडेल म्हणजे तिचा नवरा. सत्त्याहत्तर वर्षांचा, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला बासष्ट मैलांवरच्या शहरात डायलिसिसला न्यावं लागतं, आणि साडेआठला त्याची खुर्ची ठरलेली असते. बाहेर डबक्यांवर बर्फाची साय धरली होती. आणि ही म्हणत होती, घाई काही नाही.

"फोन कुणाला करणार होतीस?"

"डेलरॉयला. भावाला."

"तो येईपर्यंत पाऊण तास जाईल. मी सोडते तुम्हाला."

"छे छे. तुझं लेफ्से करपेल." तिच्या माहेरी बटाट्याची पातळ पोळी करतात, ती लेफ्से. म्हणून तिच्या लेखी माझ्या पोळ्याही लेफ्सेच.

"करपू दे. चल."

"नको गं, उगाच."

"आर्डिस, मी कोट घालतेय."

"बरं मग," ती म्हणाली. इथे तीनदा म्हणावं लागतं. दोनदा म्हणून थांबलं तर माणूस खरोखरच चालत निघतं.

वेंडेलला माझ्या गाडीत मागे बसवलं, गुडघ्यांवर ब्लँकेट घातलं. हमरस्त्याला लागल्यावर तो मागून म्हणाला, "माझी मूत्रपिंडं बरी. एकदा गेली ती गेली. ही गाडी आपली रोज थोडी थोडी जाते."

"तू गप्प बस," आर्डिस म्हणाली, आणि पुढचे दहा मैल तीही गप्प बसली.

आर्डिसने एकतीस वर्षं गावच्या शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. आज गावात पन्नाशीच्या आतलं असं एकही माणूस नाही ज्याला तिने वाढलेलं नाही. कोण वाटाणे बाजूला काढायचं आणि कोण दुसऱ्याचे उचलून खायचं, हे ती आजही सांगू शकते, पण सांगत नाही. माझी आई गेली तेव्हा मला विमानाची तिकिटं मिळेनात, मायदेशी पोचता आलं नाही. त्या दुपारी ही भांडंभर हॉटडिश, म्हणजे बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेलं इथलं जेवण, घेऊन आली, ते ओट्यावर ठेवलं आणि दोन तास माझ्या शेजारी नुसती बसली. जाताना म्हणाली, भांडं परत करायची घाई नाही. या बावीस वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशीसुद्धा तिने फोनच मागितला होता, गाडी नव्हे.

सप्टेंबरात तिने मला काचेच्या दीडशे बरण्या आणून दिल्या, तुझ्या लोणच्यांना होतील म्हणून. मी खुशीत घेतल्या. नंतर कळलं की शिवणाचं मशीन तिने पुतणीला दिलं, मोठा फ्रीझर चर्चला दिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही बाई घर आवरतेय.

त्या सकाळी गाडीत तिने ते सांगितलं, तेही हवामानाचं सांगावं तसं. मुलीने, जॅनेलने, शहरात डायलिसिसच्या जागेसमोरच दोन खोल्यांचं घर बघितलं होतं. हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला मिळणार.

"जॅनेलचं चुकत नाही," आर्डिस म्हणाली. "पुढे हिवाळा आहे. गाडीचा भरवसा नाही. मध्येच रस्त्यात थांबलो आणि वादळ आलं तर?"

"आणि गाडीचा भरवसा असता तर?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. कापून झालेली गव्हाची शेतं लांबवर पसरली होती. "तर कशाला गेले असते," ती म्हणाली. "एक्कावन्न वर्षं आहोत तिथे."

मागून वेंडेल म्हणाला, "मला तिथे खिडकीतून गाड्यांचा तळ दिसणार आहे. छान काळाभोर डांबरी आहे."

या गाडीचं दुखणं जुलैत सुरू झालं होतं. कधी सुरूच व्हायला कुरकुरायची, कधी सुरू होऊन धापा टाकायची, कधी पहिल्याच चौकात थांबली की मरायची. दहा मिनिटांनी पुन्हा चालायची, जसं काही झालंच नाही. आर्डिसचा धाकटा भाऊ डेलरॉय सगळी हयात ट्रॅक्टर उघडत आणि बंद करत आलेला. तो धावून आला. त्याच्या धावून येण्यात काही खोट नव्हती, हे मी आधीच सांगते.

त्याने पहिल्यांदा बॅटरी बदलली. गाडी दोन दिवस झकास चालली. मग सगळे स्पार्क प्लग बदलले. पुन्हा दोन दिवस झकास. मग शहरात सुट्या भागांच्या दुकानात गाडी नेली. तिथे काउंटरवरचा माणूस गाडीला एक यंत्र लावतो आणि फुकटात बिघाडाचा कोड वाचून देतो. कोड निघाला इंधनाच्या मिश्रणाचा. काउंटरवाला म्हणाला सेन्सर असेल, डेलरॉय म्हणाला सेन्सरच. दोन सेन्सर आले. मग ऑगस्टच्या उन्हात डेलरॉयने टाकी खाली उतरवून इंधनपंप बदलला, दीड दिवस गाडीखाली पाठ टेकून. आर्डिसने त्याला तीन वेळा जेवायला वाढलं आणि रूबार्बचा केक केला. गाडी चार दिवस चालली. पाचव्या दिवशी चौकात मेली.

या सगळ्याला साडेअकराशे डॉलर गेले होते. पण आर्डिसला टोचत होतं ते वेगळंच. ती म्हणाली, "दर वेळी तो किल्ली माझ्या हातात देतो आणि म्हणतो, आर्डी, आता बिनघोर जा. आणि दर वेळी मला त्याला सांगावं लागतं." शेवटच्या दोन वेळा तिने सांगितलंच नव्हतं. डेलरॉयला वाटत होतं गाडी चांगली चालतेय.

"ट्रिनाकडे का नेत नाहीस?" मी विचारलं.

आर्डिसने तोंड जरासं वाकडं केलं. "ती बघायचे पैसे घेते."

ट्रिना व्होल्क हमरस्त्याच्या वळणावर गॅरेज चालवते. बारा वर्षं हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीवर होती, मग वडील थकले म्हणून परत आली. ती तासाचे एकशेवीस डॉलर घेते, आणि ते नुसतं काय बिघडलंय ते शोधायचे. दुरुस्ती वेगळी. आमच्या गावात याची फार चर्चा. बटाटे विकत घ्यावेत, तसा सुटा भाग विकत घ्यावा, हे लोकांना पटतं. हातात काहीतरी येतं. बघायचे पैसे म्हणजे काय? कॉफीच्या टेबलावर डेलरॉय म्हणायचा, "मी माझी गाडी तिला फुकट बघू देतो, तर तीच माझ्याकडे पैसे मागते."

"डेलरॉयला वाईट वाटेल," आर्डिस म्हणाली.

"आणि शुक्रवारी तू हो म्हटलंस तर त्याला काय वाटेल?"

"बघू," ती म्हणाली. पण मंगळवारी सकाळी माझ्या नवऱ्याने साखळी लावून तिची गाडी ट्रिनाच्या दारात नेली आणि आम्ही दोघी मागोमाग गेलो.

ट्रिनाच्या काउंटरवर पुठ्ठ्याची एक पाटी आहे, मार्करने लिहिलेली: सुट्या भागाचं नाव सांगू नका, काय झालं ते सांगा.

आर्डिसने पाटी वाचली आणि म्हणाली, "डेलरॉय म्हणाला होता, पंप नवा आहे, म्हणजे पुन्हा थांबलीच तर बहुतेक ते पंपाचं रिले—"

"आर्डिसबाई," ट्रिना म्हणाली. शाळेत हिच्या हातचं जेवलेली सगळी तिला अजून बाईच म्हणतात. "डेलरॉयकाकांचं नंतर. तुमचं सांगा. गाडीला काय होतं?"

"तशी बरी आहे."

"बरी गाडी साखळीने ओढत आणत नाहीत."

"अधूनमधून थांबते जरा."

"थांबते म्हणजे? आधी हिसके देते का, की दिवा विझावा तशी विझते? वास येतो?"

आर्डिसने माझ्याकडे बघितलं. तिला तक्रार करायची सवय नव्हती. ट्रिना तर तिच्याकडून तक्रारीची बारीक मोजमापं मागत होती. हळूहळू, चिमट्याने काटा काढावा तसं एकेक निघालं. आधी धापा टाकते. कधी कधी पेट्रोलचा वास येतो. बहुतेक निघाल्या निघाल्या. दहा मिनिटांनी बरी होते.

"काल बंद पडण्याआधी काय केलं होतंत?"

"काही नाही. निघालो."

"घरून थेट?"

"थेटच म्हणायचं."

ट्रिनाने ते सगळं कागदावर लिहून घेतलं. मग दुपारपर्यंत ती गाडीशी होती. तारा लावल्या, आकडे घेतले, इंधनाचा दाब मोजला, गाडी फिरवून आणली, पुन्हा फिरवून आणली. गाडी एखाद्या आज्ञाधारक पोरीसारखी चालली. दोन वाजता ट्रिना हात पुसत आली.

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली.

असं वाक्य मी याआधी कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकलं नव्हतं. आर्डिसचा चेहरा पडला. तिने पर्स उघडली.

"थांबा. बॅटरी चांगली आहे, पंप चांगला आहे, सेन्सर चांगले आहेत. हे जुनेही चांगलेच असणार होते. कोड निघतो म्हणजे कुणी बोंब मारली ते कळतं. चोरी कुणी केली ते कळत नाही. माझ्याकडे गाडी बिघडत नाही, तुमच्याकडे बिघडते. म्हणजे तुम्ही काहीतरी करता, जे मी करत नाही."

"मी काय करणार?" आर्डिस म्हणाली. तिला जरा लागलं होतं. "मी ताशी पन्नास मैलांच्या वर कधी नेत नाही."

"म्हणून उद्या मी तुमच्यासोबत येते. मागे बसते. मी गाडीत नाही असं समजायचं आणि रोज करता तेच करायचं."

बुधवारी आर्डिस चालवत होती, शेजारी वेंडेल, मागे ट्रिना आणि मी. मी यासाठी की गाडी मेलीच तर फोन करायला कुणीतरी हवं, असं आर्डिसचं म्हणणं. माझ्या मते तिला ट्रिनाशी एकटीने चार तास काढायचे नव्हते. जाताना काही झालं नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक पिकअपला आर्डिसने नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, प्रत्येक पिकअपने तिला उचललं. वेंडेल खुर्चीवर चार तास होता. आम्ही तिघींनी बाहेर पातळ कॉफी प्यायली. आर्डिसने घरून आणलेल्या लिंबाच्या वड्या वाटल्या. ट्रिनाने तीन खाल्ल्या.

"शाळेत तुम्ही एकच द्यायचात," ती म्हणाली.

"शाळेत तू नीट बसत नव्हतीस."

परत येताना गावात शिरल्या शिरल्या आर्डिसने गाडी को-ऑपच्या, म्हणजे गावच्या सहकारी दुकानाच्या, पंपावर वळवली. टाकी अर्धीसुद्धा रिकामी झाली नव्हती. ट्रिना पुढे झुकली.

"इथे का?"

"पेट्रोल भरायला."

"सोमवारी सकाळीही भरलं होतंत?"

"हो, निघताना." आर्डिसला प्रश्नच कळला नाही. "मी तर रोजच भरते."

ट्रिना खाली उतरली आणि हाताची घडी घालून गाडीला टेकून उभी राहिली. मीही उतरले. आर्डिसने नोझल टाकीत घातलं, आकडे फिरायला लागले, आणि थोड्या वेळाने नोझल खट् करून आपोआप बंद झालं. माझ्या मते इथे काम संपलं. आर्डिसचं सुरू झालं. तिने नोझल जरासं वर उचललं, पुन्हा दाबलं. खट्. पुन्हा. खट्. मग ती गाडीच्या मागच्या बाजूला कंबर लावून उभी राहिली आणि बाळाचा पाळणा हलवावा तशी गाडी हलवली, आतली हवा वर यावी म्हणून. पुन्हा दाबलं. खट्. मान वाकवून आत बघितलं. अजून दोन घोट. तोंडाशी पेट्रोल चकाकलेलं दिसलं तेव्हा तिने समाधानाने झाकण लावलं. मी मोजलं नव्हतं, ट्रिनाने मोजलं होतं. अकरा वेळा.

ट्रिनाने मागचं दार उघडलं. आम्ही बसलो. आर्डिसने किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरलं, कुरकुरलं, मग धरलं, धापा टाकायला लागलं. पेट्रोलचा वास आला. पंपाबाहेरच्या 'थांबा' पाटीपाशी गाडी थांबली आणि मेली.

"माफ करा," आर्डिस म्हणाली. गाडीत आम्ही चौघं, आणि ती सगळ्यांची माफी मागत होती.

"माफी कसली," ट्रिना मागून म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "आर्डिसबाई, जुलैपासून पहिल्यांदा ही नेमकी हवी तिथे मेलीये."

मग तिने सांगितलं. टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाने भरलेला एक डबा असतो. कोळसा वाफ शोषून धरतो, आणि गाडी चालू लागली की एक झडप उघडून ती वाफ थोडी थोडी इंजिनला देते. "तो डबा वाफेसाठी आहे," ट्रिना म्हणाली. "खट् वाजल्यावर तुम्ही जे घालता ते टाकीत राहत नाही. ते त्या डब्यात उतरतं. गाडी घेऊन किती वर्षं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्षं तुम्ही कोळशाला पेट्रोल पाजताय. भिजून भिजून त्याचा चुरा झाला असणार, आणि चुरा झडपेत अडकला असणार. आता झडप मिटतच नाही. टाकी गच्च भरली की कच्चं पेट्रोल सरळ इंजिनच्या घशात."

"तुझी खात्री आहे?"

"नाही. उद्या उघडून बघितलं की होईल."

गुरुवारी सकाळी तिने गाडी वर उचलली, आम्हाला खाली उभं केलं आणि एक रबरी नळी सोडवली. ज्या नळीतून फक्त वाफ यायला हवी तिच्यातून पेट्रोल आलं, पांढऱ्या बशीत, आणि बशीच्या तळाशी मोहरीएवढे काळे कण बसले. मग तिने झडप काढून आर्डिसच्या हातात दिली. अंगठ्याएवढी वस्तू. आत काळा दाणा अडकलेला दिसत होता.

"आता खात्री आहे," ट्रिना म्हणाली.

आर्डिस झडपेकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. डबा आणि झडप दुपारच्या ट्रकने येतील."

तेवढ्यात डेलरॉयची पिकअप दारात थांबली. गावात कुणाची गाडी कुठे उभी आहे हे दोन दिवस लपत नाही. तो टोपी हातात घेऊन आत आला, बशीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगणार होते."

"कधी? मी मेल्यावर?"

आर्डिस खाली मान घालून उभी होती. मला वाटलं आता हे महिनाभर चालणार. पण ट्रिनानेच त्याला हाक मारली. "डेलरॉयकाका, इकडे या. हा पंप तुम्ही बसवलात?"

"मीच."

"याहून नीट मलाही बसवता आला नसता. क्लिपा सगळ्या जागच्या जागी. हात चांगला आहे तुमचा. फक्त प्रश्न विचारायच्या आधी चालतो."

डेलरॉयने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पण मी दिली की गाडी चालायची ना दोन-दोन दिवस."

"तुम्ही तिच्यात पेट्रोल किती घालायचात?"

"शेतावरच्या पिंपातलं. चार-पाच गॅलन."

"बघा. म्हणून तुमचा प्रत्येक अंदाज बरोबर ठरायचा."

त्याने वाकून बशीतल्या कणांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "खट् झाल्यावर भरायचं नाही म्हणतेस? मी तर तोंडापर्यंत भरतो. बाबांनी आम्हाला तसंच शिकवलंय."

"का?" ट्रिनाने विचारलं. ती खरंच विचारत होती.

उत्तर आर्डिसने दिलं. ती सोळा वर्षांची असताना मार्चमध्ये वादळ आलं. ती आणि वडील गावाहून परत येत होते, रस्ता दिसेनासा झाला. एकोणीस तास गाडीत. वडील तासाला दहा मिनिटं इंजिन चालू करायचे, हातपाय शेकायचे, बंद करायचे. टाकी तोंडापर्यंत भरलेली होती म्हणून ते जमलं.

"आमच्या पुढे अर्ध्या मैलावर आणखी एक गाडी होती," ती म्हणाली. "त्यांची पाव टाकी होती." आणि थांबली. डेलरॉयने टोपी छातीशी धरली.

ट्रिनाने बशी बाजूला ठेवली. "तुमचे बाबा बरोबर होते," ती म्हणाली. "त्या गाड्यांना असा डबा नव्हता. टाकी भरलेलीच ठेवा, आर्डिसबाई. अर्ध्याच्या खाली हिवाळ्यात मीसुद्धा जाऊ देत नाही. फक्त भरली कधी ते आता गाडीलाच ठरवू दे. पहिलं खट् म्हणजे भरली."

दुपारी ट्रक आला. चार वाजता ट्रिनाने गाडी को-ऑपवर नेली, पहिल्या खट्ला नोझल काढलं, आणि आर्डिसला चालवायला बसवलं. किल्ली फिरवली, सुरू. बंद करून पुन्हा, सुरू. 'थांबा' पाटीपाशी गाडी उभी राहिली आणि नुसती गुरगुरत राहिली. दहाव्यांदा सुरू झाल्यावर आर्डिसने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि खूप लांब श्वास सोडला. जुलैपासून आत धरून ठेवलेला असावा. मागे उभ्या पिकअपमध्ये डेलरॉयने हॉर्न वाजवला, पुढे हो म्हणून. तिने बोट उचललं.

शोधायचे तिने पावणेचार तासच लावले; ते आणि दुरुस्ती मिळून जे झालं ते एकट्या पंपापेक्षा कमी होतं. आर्डिसने चेक लिहिला आणि तो देताना म्हणाली, "बघायचे पैसे महाग नाहीत." तिच्याकडून हे म्हणजे कौतुकाची परमावधी. डेलरॉय त्यावर खोकला, आणि पुढच्या आठवड्यात त्याची पिकअप ट्रिनाच्या दारात दिसली, हे इथेच सांगून टाकते. काय झालं असं तिने विचारल्यावर त्याने सुट्या भागाचं नाव घेतलं नाही, असं ती म्हणाली. निदान पहिल्या दोन मिनिटांत.

शुक्रवारी ती दोघंच शहरात गेली. मी दिवसभर फोन जवळ ठेवून वावरत होते. अडीच वाजता तो वाजला.

"पोचलो घरी," आर्डिस म्हणाली. "बरी चालली." मग मला वाटलं तिने फोन ठेवला, पण ती तिथेच होती. "जॅनेलला कळवलं. यंदाचा हिवाळा तरी इथेच."

"ती काय म्हणाली?"

"रडली जरा. मग म्हणाली, तर मग नाताळला आम्हीच तिकडे येतो." मागून वेंडेलचा आवाज आला, "तिला सांग, तो डांबरी तळ मी विसरणार नाही." आर्डिस त्याला गप्प बस म्हणाली, पण हसत म्हणाली. बरण्यांपैकी शंभर मी दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिल्या. पन्नास तिने परत घेतल्या नाहीत.

आणि मग रविवारी दुपारी मी को-ऑपवर दूध घ्यायला थांबले होते, तर पंपापाशी आर्डिस उभी. दुसऱ्या दिवसासाठी टाकी भरून ठेवत होती. नोझल खट् वाजून बंद झालेलं होतं, पण तिचा हात त्यावरून निघाला नव्हता. बोटं पांढरी पडली होती. मी जवळ गेले तरी तिने वर बघितलं नाही.

"आर्डिस?"

"मला कळतंय सगळं," ती म्हणाली. "ट्रिनाने समजावलंय, मी ते कण डोळ्यांनी बघितलेत. पण हात थांबत नाही गं. तो काढला की मला ती पुढची गाडी दिसते."

 चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत थांबायचं असतं. या वेळी तिने तेवढा वेळ लावला नाही. हवेचं, झेंडूचं काही बोलली नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुला एक मागते," ती म्हणाली. "मी पेट्रोल भरायला आले की तू ये. नोझल तू धर."